उजवा कौल

एक वर्षाचा डिप्लोमा की दोन वर्षांची पदवी, यावर आमच्या डिचोलीच्या घरात आठवडाभर खल चालला होता. मी चौदा वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. मानसिक आरोग्यातलं पुढचं शिक्षण घ्यायचं, हे माझं पक्कं होतं. नवऱ्याचं म्हणणं, घर सोडून जायचंच तर एमएस्सी करून ये. पुढे कॉलेजात शिकवशील, ड्युट्यांचा जाच संपेल. त्याचं चुकत नव्हतं. मला मात्र डिप्लोमाच हवा होता. त्यात बहुतेक वेळ वॉर्डात, रुग्णांजवळ जातो, आणि तो करून मला याच केंद्रात, याच टेबलाशी परत यायचं होतं.

का, असं विचारलं की मी काहीबाही सांगायची. खरं कारण सांगायची लाज वाटत होती.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा मनोविकारांचे डॉक्टर येतात. एकदा जवळच्या आमोणे गावाहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली. मूळची सावंतवाडीकडची माणसं; तो खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मागून कुणीतरी बोलतंय म्हणून भर रस्त्यात ट्रक थांबवून उतरायचा. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या कशा घ्यायच्या ते समजावणं माझं काम. मी सांगत होते, तेवढ्यात ती म्हणाली की कालच देवाला कौल लावला होता. झालं, माझं डोकं तडकलं. गोळ्या काय देवाला विचारून घेतात, म्हणून मी तिला सगळ्या रांगेसमोर झाडलं. आमच्या भागात देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की होकार, हे मला काय नवीन होतं? माझ्या लग्नाआधी माझ्या आईनेही घेतला होता. पण युनिफॉर्म अंगावर चढला की मला शहाणपण जरा जास्तच सुचतं.

ती पुढच्या आठवड्याला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिना उलटला तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून आमोण्याला गेले. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली, नोकरी सुटलेली. तिने मला पाणी दिलं. मी जरा नरमाईने म्हटलं, देवाने नको म्हटलं असेल, तर पुन्हा विचारून बघूया का?

“देवान उजवो कौल दिलेलो,” ती म्हणाली. “नको तुमी म्हटलात.”

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. देवाचा होकार घेऊन आलेल्या बाईला मीच परत पाठवलं होतं, आणि त्या माणसाचा अख्खा महिना भिंतीकडे बघण्यात गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. तिने ती लगेच काही दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. पण पुढच्या आठवड्याला दोघं केंद्रावर आली.

हे सगळं शेवटी मी नवऱ्याला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, डिप्लोमाचा फॉर्म कधी भरायचा आहे? मी त्याला सांगितलं, भरून झालाय.

निघण्याआधीच्या शेवटच्या दिवशी ती आमोण्याची बाई एकटीच गोळ्या न्यायला आली. तो आता झोपतो, तिच्याबरोबर भाजीच्या मळ्यात कामाला जातो, असं ती सांगत होती. या वेळी मी तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग मी वर्षभर शिकायला जाणार असल्याचं सांगितलं. तिचा चेहरा पडला.

“परत येतलात मा? की ह्यां पण देवाक इचारू?”

“हे देवाला विचारू नका,” मी म्हटलं. “हे मी सांगते. येणार.”