होकायंत्राशेजारचा डबा

आज देवपुरातल्या आमच्या घरात लसणाच्या तिखट शेवेचा वास सुटला आणि मी थेट कोकणातल्या एका शिडाच्या बोटीवर जाऊन पोहोचलो. चाळिशीत मला दर्यावर्दी व्हायची हौस आली होती. धुळ्यातल्या पांझरा नदीच्या काठचा माणूस मी, पण आठवडाभराच्या वर्गाला गेलो.

शेवटच्या परीक्षेत सुकाणू माझ्या हाती होतं. होकायंत्र बघून बोट बंदरात न्यायची होती. काट्यावरची नजर मी हलू दिली नाही, तरी बोट खडकांकडेच निघाली. शिकवणाऱ्या बाईंनी होकायंत्राशेजारचा माझा शेवेचा पत्र्याचा डबा उचलला, तसा काटा झर्रकन फिरला.

"लोखंड जवळ नको म्हणून सांगितलं होतं ना? कोणी ठेवला हा?"

"बायकोनं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठे आहेत त्या?"

"धुळ्याला."

सगळे पोट धरून हसले. सुकाणू दुसऱ्याकडे गेलं आणि मी पुढच्या टोकाला डबा मांडीवर घेऊन बसलो. त्यातली शेव सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मी मात्र चिमूटभरही घेतली नाही.

आज बायको तोच डबा भरत होती. "तिकडे बोटीवर आवडली होती ना हो सगळ्यांना?"

"फार," मी म्हणालो.

तिनं खुशीत मूठभर शेव माझ्यापुढे धरली. ती घेताना मला मान वर करवेना.