ग्रुसवेगनची झांज

शुक्रवारी गुणाजी शेडगे साडेअकरालाच जेवून घ्यायचा. साडेबाराला त्याला कुणी हाक मारलेली चालत नसे. तेव्हा स्वीडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात आणि तिकडचे बँड आपली नवी गाणी त्या सुमाराला नेटवर टाकतात. हिवाळ्यात ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग आपल्याकडे दीड होतो. सगळ्या वरसे गावात हे गणित त्याला एकट्याला ठाऊक होतं.

ऑक्टोबरातला तो शुक्रवार मोठा होता. ग्रुसवेगन हा बोरलेंगे गावचा बँड. नावाचा अर्थ खडीचा रस्ता. तीन गिटारी आणि एक ढोलवाली. तीन वर्षं त्यांनी काही काढलं नव्हतं. आज गाणं येणार होतं. गुणाजी सकाळपासून जिना चढत-उतरत होता.

"पोरीच्या लग्नात वराडाची वाट बघताना पण एवढ्या येरझारा नाय घातल्या तुमी," बायजा, त्याची बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"वराड उशिरा येणार हे म्हायती होतं. ही माणसं वेळेवर येतात."

चौसष्ट वर्षांच्या माणसाला हे वेड लागलं ते कारखान्यात. धाटावच्या एका कारखान्यात तो कॉम्प्रेसरवर फिटर होता. एकतीस वर्षं. वीस वर्षांपूर्वी स्वीडनहून नवा कॉम्प्रेसर आला आणि तो बसवायला उल्फ नावाचा माणूस आला. तीन आठवडे राहिला. साहेब असून स्वतः पान्हा धरायचा, बोल्ट स्वतः पुसायचा. काम करताना त्याच्याकडच्या छोट्या यंत्रावर गाणी चालू असायची. कॉम्प्रेसरच्या वर ऐकू येतील अशी, खरबरीत, घाईची. गुणाजीने विचारलं, हे काय? उल्फने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की गावात पोरांना तालमीला जागा नसते, मग बापाची मोटार बाहेर काढतात आणि त्या जागेत वाजवतात. म्हणून ह्या गाण्यांना गराज म्हणतात.

गुणाजीला ते पटलं. अडीच-तीन मिनिटांचं गाणं. आलाप नाही, उगाच वळसे नाहीत. चौघं येतात, जीव तोडून वाजवतात, हत्यारं पुसून निघून जातात. उल्फ परत गेला, गाणी राहिली. पुढे मोबाईल आला तसा गुणाजी आपणहून शोधायला लागला. कुठल्या बँडने नवं काय काढलं, कुठला मोडला, मोडलेल्यातला कोण कुठे जाऊन मिळाला, कुणाचं गाणं आधी येणार आणि अख्खी तबकडी कधी, सगळं त्याला पाठ. निवृत्त झाल्यावर त्याने वही केली. तारीख, बँड, गाणं, लांबी, आणि शेवटच्या रकान्यात मेहनत, दहापैकी. आवाज गोड आहे की नाही हे तो लिहीत नसे. हात चालला की नाही एवढंच.

त्याचा अधिकार त्याच्या कानात होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि कुठलं बेअरिंग किती दिवसांत जाणार ते सांगायचं. त्याचं सांगणं कधी चुकलं नाही. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. तो उजव्या कानातला काढून ठेवायचा. "बोळे घालून मशीन ऐकायचं म्हणजे हातमोजे घालून भात जेवायचा," असं म्हणायचा. साहेब हसायचे, पण अडलं की त्यालाच बोलवायचे.

साडेबाराला गाणं आलं. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. गुणाजीने डोळे मिटून ऐकलं. मग परत. चौथ्या वेळेनंतर त्याच्या कपाळाला आठी पडली आणि तो वही घेऊन खाली उतरला.

तळमजल्यावर गुप्तेबाई राहायच्या. लतिका गुप्ते, रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नेटवर एक पान होतं, तिथे देशोदेशीची तीनेकशे माणसं स्वीडनच्या नव्या गाण्यांवर लिहीत. गुणाजी मराठीत सांगायचा, बाई इंग्रजीत उतरवायच्या. पाच वर्षं हे चाललं होतं. त्या पानावर त्याला फिटर म्हणूनच ओळखत आणि त्याच्या मार्कांची वाट बघत.

"लिवा," गुणाजी म्हणाला. "ढोलवाली अर्धं काम करते. उजवा हात खिशात घालून बसली आहे. झांज एकदाही वाजवलेली नाही. तीन वर्षं आराम केला, तो अजून सुरू आहे. दहापैकी तीन."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, इतकं कडक?"

"कामचुकाराला काय ओवाळायचं?"

"मला तर मागे काहीतरी छन छन ऐकू येतंय, गुणाजी."

"ते गिटारीचं असंल. तुम्हाला त्यातलं कळत नाय, बाई."

"बरं बाबा. नववी ब सुद्धा मला हेच सांगायची." बाईंनी लिहिलं आणि पाठवलं.

शनिवारी सकाळी बाईंनीच वर निरोप धाडला. गुणाजी खाली येऊन बघतो तर पानावर गलका उडालेला. झांज नाही म्हणजे काय? सुरुवातीपासून आहे. फिटरला आज झालंय काय? आणि सगळ्यांच्या खाली खुद्द ढोलवालीचं उत्तर. तिचं नाव लिनेया. बाईंनी सावकाश वाचून दाखवलं.

"मी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत झांज वाजवली आहे. दिवसा मी लाकडाच्या गिरणीत कामाला असते. मनगट दुखावलं म्हणून तीन वर्षं बंद होते. हे गाणं मनगटाला पट्टा बांधून केलं. तुम्ही आमची गाणी किती लक्ष देऊन ऐकता ते मला माहीत आहे, म्हणून विचारते. तुमचा स्पीकर एकदा तपासून बघाल का?"

गुणाजी उठला. वर गेला, स्पीकर उलटा केला, चार स्क्रू काढले. पडदा शाबूत, तारा शाबूत, सोल्डरचे डाग पक्के. परत बसवला. मुलीने दिलेले इअरफोन कपाटातून काढले, त्यावर ऐकलं. झांज नाही. मोबाईल बदलून बायजाच्या मोबाईलवर ऐकलं. नाही.

गिरणीत काम करणारी बाई. पट्टा बांधून वाजवते. आणि आपण तिला जगासमोर कामचुकार म्हटलं. हे खरं असेल तर आपण मेलेलंच बरं. खोटं असेल तर ती आणि तीनशे माणसं मिळून खोटं बोलतात. गुणाजीला जेवण गेलं नाही. दुपारी तो कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत गेला आणि तसाच परतला.

दोष शोधायचा तर ज्या मापाने मोजतो ते माप आधी तपासायचं. हे त्याने स्वतः किती जणांना शिकवलं होतं. संध्याकाळी तो स्पीकर घेऊनच गुप्तेबाईंकडे गेला.

"ह्यांचं बारा वर्षांपूर्वीचं एक गाणं आहे," तो म्हणाला. "सुरुवातीला गिटार नाय, काय नाय. नुसती झांज. चार ठोके. मग बाकीचे येतात. ते मी हजार वेळा ऐकलंय. तुम्ही फक्त बसा."

त्याने गाणं लावलं. खोलीत काही नव्हतं. पंखा तेवढा घरघरत होता. गुणाजीने बाईंकडे पाहिलं. बाईंचं बोट टेबलावर पडलं. एकदा. दोनदा. तीनदा. चारदा. मग गिटार आली.

"वाजली?" त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

त्याने परत लावलं. पुन्हा ते बोट, पुन्हा चार वेळा. तिसऱ्यांदा त्याने लावलं नाही. "बाई, आता तिला काय लिवू नका. मी सांगेन तेव्हा," एवढं बोलून तो उठला. स्पीकर तिथेच राहिला.

रविवारभर तो घरात नुसता फिरत होता. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजव, गॅसची शेगडी पेटवताना कान लाव, दाराची घंटी दाब. घंटी तीनदा दाबली तेव्हा बायजा आतून आली.

"वाजते ती. मघाधरनं वाजते."

"तुला कधीपासून म्हायती?"

"दोन वर्सं झाली."

"मग बोलली का नाय?"

"बोलली की. चार वेळा बोलली. तुमी घंटीचे सेल बदललेत. मग घंटी खोललीत. मग म्हनलात, कंपनीच भंकस हाय." ती हसली नाही. "पोरगी फोनवर बोलते तवा तुमी नुसतं व्हय व्हय करता. तिनं परवा विचारलं, बाबा रागावलेत का. मी काय सांगू?"

गुणाजी वही घेऊन बसला. मागच्या दोन वर्षांची पानं उलटत गेला. शेवटच्या रकान्याशेजारी त्याच्याच अक्षरात: झांज नाही. झांज कमी. ढोलवाला आळशी. उजवा हात ढिला. निळा ट्रॅक्टर नावाचा एक बँड होता, त्याचा पोरगा ढोलवाला त्याला फार आवडायचा. त्यालाही मागच्या मार्चात दहापैकी चार दिले होते आणि लिहिलं होतं, लग्न झालेलं दिसतं. अशी चौदा माणसं निघाली. चौदा जणांची मजुरी त्याने कापली होती, न केलेल्या गुन्ह्यासाठी.

सोमवारी तो कान तपासून घ्यायला पेणला गेला. आठची गाडी पकडली, पण बसवेना. नागोठणे येईपर्यंत तो दारापाशी उभा राहून चाकांचा आवाज ऐकत होता. चाकं नीट ऐकू येत होती, रुळाचे सांधेसुद्धा. त्यामुळे मधेच वाटायचं की आपण उगाच निघालो.

तिथे कान तपासणारी सुरभी नावाची मुलगी होती. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आधी भराभरा दाबलं गेलं. मग दाबायला काही आलंच नाही. गुणाजी अंगठा बटणावर ठेवून घाम पुसत बसला. न ऐकताच दाबावं असं एकदा मनात आलं. दाबलं नाही.

बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला. रेघ निम्म्यापर्यंत सरळ आली होती आणि मग विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"काका, मशीनवर होतात ना? उजवा कान जास्त गेलाय."

"बोळा काढायचो. त्याच कानातला."

"का?"

 त्याने विचारलं, "कानाला यंत्र लावलं तर झांज येईल?"

"कसली झांज?"

त्याने मोबाईलवर ग्रुसवेगनचं गाणं लावून तिला दिलं. तिने पूर्ण ऐकलं, पावणेतीन मिनिटं पेशंट थांबवून. "बापरे," ती म्हणाली. "ही तर थांबतच नाही. येईल काका. पण तुमच्या आठवणीतली झांज येणार नाही. आधी सगळं पत्र्यासारखं वाटेल. डोकं दुखेल. पुष्कळ जण आठ दिवसांत काढून कपाटात टाकतात. रोज लावून बसलात, तर दोन-तीन महिन्यांत काहीतरी जमेल. मेहनत आहे."

"मेहनतीचं मला सांगू नका," गुणाजी म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "लावा."

यंत्रं मिळायला दहा दिवस गेले. ते दिवस त्याने कसे काढले ते बायजाला विचारावं. एक शुक्रवार तसाच गेला. गाणी आली असणार, त्याने मोबाईल उघडला नाही. पानावर कुणीतरी विचारलं, फिटर कुठे आहे? गुप्तेबाईंनी ते त्याला सांगितलं नाही.

यंत्रं घालून तो पहिल्यांदा बाईंकडे गेला तो उत्तर लिहवून घ्यायलाच. आधी गाणं लावलं. ऐकताना त्याचं तोंड कडू झालं. पत्र्याच्या छपरावर कुणी वाळू ओततंय, तसं काहीतरी गाणंभर सांडत होतं. कुठे झांज, कुठे तार, कुठे गाणाऱ्याचा श्वास, काही वेगळं काढता येईना. पण ते सांडणं एकदाही थांबलं नाही. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत.

"लिवा," तो म्हणाला. "लिनेयाबाई, झांज आहे. स्पीकर ठीक होता, माझा कान गेला आहे. मशीनवर मीच बोळा काढून ठेवायचो. तुम्हाला कामचुकार म्हटलं ते मागे घेतो. दहापैकी तीन खोडले आहेत. नवे मार्क आत्ता देता येत नाहीत, कारण वाजवणं चांगलं की वाईट हे मला अजून ऐकू येत नाही. ऐकू येईल तेव्हा देईन. तोपर्यंत रकाना रिकामा."

"शेवटी क्षमस्व वगैरे घालू?"

"मागे घेतो म्हटलं ना. तेवढं पुरे." दोन पावलं जाऊन तो वळला. "घाला. तिचं मनगट दुखतंय."

मग त्याच उत्तराखाली त्याने मार्क खोडलेल्या बाकीच्या तेरा जणांची नावं, बँड, तारखा सांगितल्या. बाईंचा हात दुखून आला, पण त्यांनी एकही नाव गाळलं नाही.

नोव्हेंबर लागला. तिकडे घड्याळ मागे गेलं. शुक्रवारी दीडला निळ्या ट्रॅक्टरची अख्खी नवी तबकडी येणार होती. अकरा गाणी. गुणाजीने वहीत चौदा नावं एकाखाली एक लिहून काढली होती आणि क्रमाने जुनी गाणी पुन्हा ऐकत होता, एकेक पंधरा-वीस वेळा. दुखायला लागलं की यंत्रं काढायची, कान चोळायचे, परत घालायची. पाच महिन्यांत उरकेल असा त्याचा अंदाज होता. बायजाचा अंदाज होता की तोवर त्याचं डोकं फुटेल.

दीड वाजला. मोबाईल थरथरला. पडद्यावर निळ्या ट्रॅक्टरचं नवं चित्र आलं. गुणाजीचं बोट त्याच्यापर्यंत गेलं. पाय खाली नुसते हलत होते.

"आली का तुमची मानसं?" बायजाने विचारलं.

"आली."

"मग आयका की."

"हातातलं आधी व्हायचंय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या नावासमोरचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.