टेबल गेलं, ग्रिलर राहिला

शारजातल्या आमच्या फ्लॅटमधून सोमवारी शेगडी गेली. मायक्रोवेव्ह त्याआधीच गेला होता. मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात फ्रिज सोडून विजेवर चालणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे सँडविच ग्रिलर. दोन सपाट काळ्या पाट्या, वरची खाली दाबायची. तो आणि जेवणाचं टेबल न्यायला एक जोडपं साडेआठला येणार होतं. म्हणून साडेसातला जेवायचं आणि बीफ-चीजचं गरम सँडविच करायचं, असं मी ठरवलं.

मी एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर सोळा वर्षं होतो. छापील आवृत्ती बंद झाली तेव्हा डेस्कही बंद झालं. बायको नर्स आहे. तिची नोकरी चालू होती आणि तिला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एक खोली मिळाली होती. त्या खोलीत मुलांना ठेवता येत नाही. मी रत्नागिरीला जाणार होतो, भावाच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा होता.

प्रश्न मुलीचा होता. ती सोळा वर्षांची, अकरावीत. तिचा व्हिसा माझ्या नावावर होता, म्हणजे कागदावर तिचा स्पॉन्सर मी होतो. तो माझ्याबरोबर रद्द केला तर ती रत्नागिरीला येणार. आईच्या नावावर केला तर ती उम्म अल कुवैनला माझ्या बहिणीकडे राहून बारावी इथेच करणार. तिथून शाळेची बस पहाटे सव्वापाचला निघते. कागद बुधवारी सकाळी द्यायचे होते. निर्णय तिने घ्यावा, असं आम्ही दोघांनी दोन आठवड्यांपूर्वी तिला सांगितलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं.

ती माझ्याबरोबर यावी असं मला वाटत होतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

बीफ सुपरमार्केटच्या काउंटरवरून आणलं होतं, भाजलेलं, मशीनवर कापलेलं. काउंटरवरचा माणूस जाड की पातळ एवढंच विचारतो. पातळ बरं. पातळ काप घडी घालून ठेवता येतात, लवकर गरम होतात आणि पहिल्या घासाबरोबर सगळा काप ओढून बाहेर येत नाही. बरोबर चीजच्या चौकोनी चकत्या, एक सिमला मिरची, कांदा आणि बेकरीतून चार समून आणले. समून म्हणजे इथला लांबट मऊ पाव.

ग्रिलर तापल्यावर खालच्या पाटीवर लोणी घातलं, त्यावर कांदा आणि मिरचीचे उभे काप. झाकण उघडंच ठेवायचं. कांद्याच्या कडा लालसर झाल्या की तो बाजूला सारायचा आणि मोकळ्या जागेवर बीफ पसरायचं, मिरपूड टाकायची, एक मिनिट. जास्त ठेवलं तर त्याचं कातडं होतं. समून मधून चिरून आत मोहरीचा सॉस लावायचा. खाली चीज, मग बीफ, मग कांदा-मिरची, वर पुन्हा चीज. दोन्हीकडे चीज असलं की पाव ओला होत नाही. मग झाकण दाबून तीन मिनिटं. बायकोची दुपारची ड्यूटी असली की रात्रीचं जेवण माझ्याकडे असे, आणि माझ्याकडे असलं की बहुतेक वेळा हेच असे.

सात वाजता बायकोचा फोन आला.

“जेवलात?”

“करतोय.”

“विचारलंस तिला?”

“अजून नाही.”

“जोर करू नकोस हं.”

“करत नाहीये.”

“मी पण नाही केला,” ती म्हणाली. तिच्या मागे कुठलंतरी मशीन ठरावीक अंतराने वाजत होतं. “चल, पेशंट बोलावतोय.”

आम्ही टेबलाशी बसलो. खुर्च्या चारही होत्या, पडदे नव्हते. मुलीने सँडविच उलटंसुलटं करून पाहिलं.

“अब्बा, वन साइड इज बर्न्ट.”

“ते माझं. हे घे.”

तिने चीज धाग्यासारखं ओढून बोटाला गुंडाळलं, खाल्लं, आणि विचारलं, “हे बीफ तिकडे मिळतं?”

“हे नाही. कायद्याने बंद आहे. म्हशीचं मिळतं.”

“सेम टेस्ट?”

“धागा जरा जाड असतो.”

“ओके.”

दोन आठवडे ती असेच प्रश्न विचारत होती. घरात वायफाय आहे का, केमिस्ट्रीचा क्लास किती लांब, मुली संध्याकाळी सायकल चालवतात का. मी माहिती काढून देत होतो. सायकलचं भावाला विचारून सांगितलं होतं. माझं मत तिने विचारलं नाही, आणि मीही दिलं नाही.

बेल आठलाच वाजली. दारात तिशीच्या आतबाहेरचं जोडपं उभं होतं. ती पुढे, तो मागे. जाहिरात मी इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती आणि फोनवर तीच बोलली होती.

“सॉरी हं दादा, लवकर आलो. पिकअपवाला म्हणतो आत्ता नाहीतर थेट उद्या.”

“खाली ‘यल्ला यल्ला’ करत हॉर्न मारतोय,” नवरा म्हणाला.

“अगंबाई, जेवताय! जेवा, जेवा. आम्ही थांबतो.”

“अब्बा, टिश्यू कुठे पॅक केले?” मुलीने विचारलं.

त्या बाईने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अय्या, तुम्ही मुस्लिम का? फोनवर कळलंच नाही हो. काय छान मराठी बोलता!”

“रत्नागिरीचा आहे मी.”

“ही करेक्ट्स एव्हरीवन,” मुलगी म्हणाली. “इव्हन माय टीचर.”

“बघ,” नवरा बायकोला म्हणाला, “तुझ्या सांगलीपेक्षा बरं बोलतात.”

“सोलापूरकरांनी तर तोंडच उघडू नये.”

ती हसत स्वयंपाकघरात गेली. ग्रिलर अजून गरम होता. तिने झाकणावर हात ठेवला. “किती स्वच्छ ठेवलाय, दादा. आणि वास काय मस्त येतोय. चिकन का?”

जाहिरातीत मी टेबलाची लांबी-रुंदी लिहिली होती. ग्रिलर किती वॅटचा आहे ते लिहिलं होतं. हँडलवरचा ओरखडा लिहून त्याचा वेगळा फोटो टाकला होता. त्यावर काय भाजलं जातं ते लिहिलं नव्हतं. लपवलं असं नाही. ते लिहायची गोष्ट आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रत्नागिरीत राहत असतो तर आलं असतं.

“बीफ,” मी म्हणालो. “आठ वर्षं यावर बीफच जास्त भाजलंय. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझी चूक आहे.”

तिने झाकणावरचा हात काढला. झटक्याने नाही, सावकाश काढला.

“आम्हाला चालतं हो,” नवरा म्हणाला.

“आम्हाला म्हणजे कोणाला?”

“म्हणजे… घासून घेतलं की झालं.”

“तुम्ही ऑफिसजवळ तो बर्गर खाता ना, तो कसला असतो?”

“चिकनचा असतो.”

“असतो?”

“बहुतेक.”

मुलगी तोंडात घास असताना हसली आणि तिला ठसका लागला. त्या बाईनेच तिला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळली.

“माझं काही नाही हो भाईजान. पण पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत.”

“ग्रिलर काय बोलणार आहे तिच्याशी?” नवरा म्हणाला.

“मला माहीत असेल ना.”

दारात आल्यापासून ती मला दादा म्हणत होती. आता भाईजान म्हणाली. दोन्ही शब्द आदराचे आहेत.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “राहू द्या तो.”

“राग नका मानू.”

“नाही.”

राग आला नव्हता. दुसरं काही आलं होतं का, ते मी तपासलं नाही. टेबलाचे पाय स्क्रूने बसवलेले होते आणि ते काढायची किल्ली मला शोधायची होती.

ती सापडली. मुलगी ताट हातात घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि उभ्यानेच खात राहिली. नवऱ्याने आणि मी टेबल उलटं केलं. चार पाय सुटायला दहा मिनिटं लागली. बाई खुर्च्या दाराशी नेऊन ठेवत होती. तिसरी खुर्ची उचलताना ती मुलीपाशी थांबली.

“तू पण चाललीस ना गं अब्बांबरोबर?”

“नॉट डिसाइडेड, आंटी.”

“अगं, जा. इथे काय, सगळे परके. तिकडे आपली माणसं असतात.”

ती हे मनापासून म्हणाली. तिला इथे येऊन सात महिने झाले होते, हे तिने फोनवर सांगितलं होतं. मुलीने घास चावून संपवला.

“येस, आंटी,” ती म्हणाली.

ते गेल्यावर लिफ्टचं दार दोनदा अडलं आणि मग बंद झालं. टेबल होतं तिथे फरशीवर चार फिकट ठसे होते. आम्ही खाली बसलो. माझं सँडविच गार झालं होतं. चीज पुन्हा घट्ट झालं की पावाला चिकटून बसतं. गरम करायला ग्रिलर होता, पण मी तसंच खाल्लं.

“यू डिडन्ट हॅव टू टेल हर,” मुलगी म्हणाली.

“सांगायला हवं होतं. तिने विचारलं.”

“चिकन म्हणाला असतात तर?”

“ते खोटं झालं असतं.”

“तिकडे हे नेहमी सांगावं लागतं?”

“नेहमी नाही.”

“कधी कधी?”

“कोण विचारतंय त्यावर आहे.”

तिने गुडघे छातीशी घेतले. “इथे मला कधीच कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली. हे वाक्य तिने मराठीत म्हटलं.

या वेळी मला बोलता आलं असतं. तिकडे भावाच्या इमारतीत दोन कुटुंबं हिंदू आहेत आणि ईदला त्यांच्याकडे आमच्याकडून शिरखुर्मा जातो, हे खरं आहे आणि ते सांगता आलं असतं. तू ये, मला एकट्याने जायचं नाही, हेही सांगता आलं असतं. ते सहा शब्दांत झालं असतं. मी पाणी प्यायलो.

“अब्बा, पुट मी अंडर मम्मा.”

“सकाळपर्यंत वेळ आहे.”

“नो. खलास.”

तिने कारणं सांगितली. बोर्डाचं वर्ष. केमिस्ट्रीच्या मिस. तिकडे शाळा बदलली तर विषय जुळत नाहीत. आत्याकडे तिला स्वतःची खोली मिळणार होती. चार कारणं, चारही पटण्यासारखी. त्यांत ग्रिलर नव्हता आणि ती बाईही नव्हती. हे तिने आठवड्यापूर्वीच ठरवलं असेल, किंवा आत्ता दहा मिनिटांपूर्वी. माणसाने जे कारण सांगितलं नाही ते त्याच्या नावावर लिहायचं नसतं. मी विचारलं नाही.

“आर यू ओके?” तिने विचारलं.

“आहे.”

“खरंच?”

“हो.”

तिने माझं ताट तिच्या ताटावर ठेवलं आणि आत नेलं. मी बायकोला मेसेज केला, “तुझ्या नावावर करायचा आहे.” वीस मिनिटांनी उत्तर आलं, “बरं.” त्यानंतर बराच वेळ ती टाइप करत असल्याचं दिसत होतं. दुसरा मेसेज आला नाही.

सरकारी अर्ज अरबीत भरून देणारी दुकानं इथे प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना टायपिंग सेंटर म्हणतात. बुधवारी सकाळी आठला मी तिथे पहिला होतो. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट, एमिरेट्स आयडी आणि जन्माचा दाखला ओळीने मांडून घेतले.

“आपका कॅन्सल?”

“हां.”

“बेटी का?”

“ट्रान्सफर.”

त्याने स्क्रीन बदलली. “स्पॉन्सर से रिश्ता?”

“बाप,” मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. “आपका नहीं, भाईसाहब. अब आप नहीं हो. नया स्पॉन्सर.”

“माँ.”

त्याने ते अरबीत टाइप केलं आणि पुढचा रकाना विचारला.