ओल्या हवेवरची सही

यंत्राला दिलेली हवा थोडी ओली असली तर कुणाचं काय बिघडतं, असं तुम्हालाही वाटतं का?

परवा निमगाव केतकीत पंक्चरवाल्यानं कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडला. तेलकट, गंजलेल्या पाण्याचा वास आला आणि मी मनानं माती तपासणीच्या त्या जुन्या प्रयोगशाळेत जाऊन पोहोचलो, जिथं मी पूर्वी नोकरीला होतो.

तिथल्या यंत्रात एक ज्योत असे. दाबानं येणारी हवा स्वच्छ आणि कोरडी असली तरच ती स्थिर जळे आणि मातीतलं पालाश, म्हणजे पोटॅश, नीट मोजलं जाई. आमच्या कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेत पाणी होतं. ज्योत तडतडत होती, आकडे नाचत होते. सुप्याच्या शेतकरी तात्यांनी एकाच वावराची माती मुद्दाम दोन पिशव्यांत, दोन नावांनी दिली होती. एकीत पालाश कमी निघालं, दुसरीत भरपूर!

"माती एकच हाय, बाई. आता खत टाकू का नको?" तात्या हसत म्हणाले.

आमच्या तंत्रज्ञ बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांकडे वळल्या. "हवा सुकवायची सोय होईपर्यंत मी सही करणार नाही."

"हवाच तर हाय! तिला काय वाळत घालायची?" साहेब खेकसले आणि 'भरपूर'वाला कागद त्यांनी माझ्यापुढं सरकवला.

मी सही केली. त्या सहीवर भरवसा ठेवून तात्यांनी पालाश न घालता ऊस लावला. पालाशाअभावी पानांच्या कडा करपल्या. सही नाकारली म्हणून बाईंची बदली झाली. तेव्हा मला साहेबांचा संताप आला होता, आज स्वतःचा येतो.

तुम्ही अशा टेबलाशी बसत असाल, तर यंत्राची हवा कोरडी झाल्याशिवाय सही करू नका. आणि नकार देणारीला एकटं पाडू नका.