माघीच्या आधी

आमच्या बागेत पहिली कात्री लागायची ती माघी चतुर्थीला. पहिला घड लेण्याद्रीच्या गणपतीचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, तो पंच्यात गुंडाळून पायऱ्या चढायचे आणि खाली आल्यावरच तोडणीला माणसं सांगायचे. देवाला आंबट द्यायचं नाही, म्हणून आधी मणी चाखून बघायचे.

नव्वद सालानंतर त्यांनी माळावर वाइनची द्राक्षं लावली. जवळच्या कारखान्यात फेसाळ वाइन व्हायची आणि मी बी.एस्सी. होऊन तिथेच प्रयोगशाळेत लागले होते. आलेल्या द्राक्षांतली साखर मोजायची, हे माझं काम. गावात लोक चिडवायचे, ‘बाप पिकवतो, लेक दारू गाळते.’ अण्णा हसून सोडून द्यायचे. लेक साहेबांच्या शेजारी बसते याचंच त्यांना कौतुक होतं.

फेसाळ वाइनला द्राक्ष आंबटच लागतं. गोडी चढली की आंबटपणा उतरतो आणि माल वाया जातो. माळावरच्या पहिल्याच पिकाच्या वर्षी माघी उशिरा आली. मी घरी मणी तपासून अण्णांना सांगितलं, ‘दोन दिवसांत तोडा.’

‘कच्ची तोडायची? आनि देवाच्या आधी?’ ते म्हणाले. ‘माघी होऊ दे. आठ दिसांत अजून गोडी भरंल, तुमचं सायेबबी खूश व्हतील.’

मला कामाला जायला उशीर होत होता. ‘बघा तुम्ही,’ असं तुसडेपणाने म्हणून मी सायकल काढली. नंतरच्या दिवसांतही समजावून सांगितलं नाही. नवी नोकरी डोक्यात गेली होती, दुसरं काही नाही.

माघीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा पिकअप घेऊन कारखान्यावर आले. इस्त्रीचा सदरा, कपाळावर आदल्या दिवशीचा शेंदूर. मी मण्याचा रस काचेवर पिळला, साखरेचा मीटर डोळ्याला लावला. तीन क्रेट तपासले. तिन्हींत साखर फार वर गेलेली. साहेब शेजारी उभे होते. रांगेतले चार शेतकरी बघत होते. ओळखीच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी परक्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, ‘साखर जास्त आहे. तुमचा माल घेता येणार नाही.’

‘गोड हाय म्हनून न्हाई म्हनता?’ अण्णांनी विचारलं. रांगेत हशा पिकला. अण्णा साहेबांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘बरं, मॅडम.’

जन्मात त्यांनी मला ‘पोरी’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मी मान खाली घालून पुढच्या क्रेटकडे वळले.

वाइनची द्राक्षं बारीक, बियांची, बाजारात कोण घेणार? म्हशींपुढे पडली. पुढच्या वर्षापासून कारखान्याने सांगितलेल्या दिवशी अण्णा मुकाट्याने तोडणी करायचे. माघीला लेण्याद्रीला जायचे ते नुसता नारळ घेऊन. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

दहा-बारा वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. मी उशाशी बसले होते, तर अचानक म्हणाले, ‘तुमची ती दारू गोड तरी असती का गं?’

‘नाही, अण्णा. द्राक्षातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. साखर जास्त तेवढी दारू कडक. मग बाटलीत फेस नीट धरत नाही. पिणाऱ्याला फेस हवा असतो आणि जिभेला आंबट चटका. म्हणून लवकर तोडायची.’

सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. 

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. ‘येवढंच व्हतं व्हय, पोरी?’ ते म्हणाले. ‘मंग तवाच सांगायचं. देवाला मी समजावलं असतं.’