आप्पांचा थंड पाय

सकाळपासून सगळे विचारतायत, म्हणून इथे एकदाच लिहिते.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या पायाला रक्त पोचत नव्हतं. बाळकुमच्या आमच्या घरातली जुनी माणसं सगळी मिठागरात राबलेली. पाय गार पडला, दुखला, की मिठागराचं दुखणं म्हणायचं आणि गरम तेल चोळायचं. आईने वर्षभर तेच केलं. बोट काळं पडलं तेव्हा कुठे आम्ही त्यांना नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे नेलं.

आज जांघेतून तार घालून, फुगा फुगवून नस उघडायची होती. नसेतली रक्ताची गुठळी सुटून खाली जाऊ शकते, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलेलं. दादा म्हणाला, "आप्पांना नको सांगायला, घाबरतील." आमच्यात म्हाताऱ्यांना असलं सांगतच नाहीत. आप्पा मस्करी करत आत गेले.

नस उघडली. पण गुठळी सुटली आणि पावलात जाऊन अडकली. काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही. औषध चालू आहे, पण पाऊल वाचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

दुपारी मला आत सोडलं. आप्पा म्हणाले, "पाय अजून थंडच हाय. जरा हात लाव ना गो."

मी दोन्ही हातांनी तेच पाऊल धरून बसलेले.

उद्या सकाळी त्यांना मीच सांगणार आहे. तुमच्यापैकी कोणी घरच्या माणसाला असं काही सांगितलंय का? पहिलं वाक्य काय बोललात?