टिटवीची चार अंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या कुणाला नाही, आणि ज्यांच्याबरोबर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून माळ तुडवत फिरतो त्या दोघा-तिघांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून जमत असेल.

परभणीच्या आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत, एक फोटो लावलाय. पंख फाकून ओरडणारी टिटवी, पायाशी चार अंडी, मागे कोवळं ऊन — बाकी काहीच नाही. त्याला एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. येणारा-जाणारा विचारतो, सर, हे जमवलं कसं? मी लेन्स सांगतो, उजेड सांगतो, तासन्‌तास पालथं पडून राहिल्याचं सांगतो. त्यातलं काहीच खोटं नसतं. तरी बोलताना मी फोटोकडे पाठ करून बसतो.

ताडकळसच्या रस्त्याला अनुसयामावशीचं वावर आहे. नात्यानं मावशी नाही. एकदा प्यायला पाणी मागितलं, तेव्हापासूनची ओळख. नवरा वारलेला, दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या, सगळी शेती तिच्या एकटीच्या अंगावर. टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघून ती पाऊसपाणी सांगायची. सखल जागी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर. लोक हसायचे, पण पेरणीच्या आधी हळूच विचारून जायचे. अंडी दिसली की तेवढा तुकडा सोडून ती औत वळवायला लावायची. त्या मे महिन्यात तिनंच मला फोन केला — या सर, फोटो काढायला.

अंडी खालच्या वावरात होती, अगदी खोलगट कोपऱ्यात. तीन दिवस सकाळी जाऊन पडलो. पण मागे कायम शेजाऱ्याची पत्र्याची शेड आणि खताच्या फाटक्या पिशव्या. लय चिडचिड व्हायला लागली. इतका चांगला पक्षी, आणि मागे ही घाण! दहा-बारा पावलांवर धुरा होता — शेताचा बांध — चांगला उंच, मागे मोकळं आभाळ. कळलं ना तुम्हाला? चौथ्या दिवशी मी चारही अंडी रुमालात घेतली. हाताला उबदार लागली. धुऱ्यावर खडे गोळा करून होती तशीच मांडली, टोकं आत करून, आणि लांब जाऊन पालथा झालो.

टिटवी आली. धुऱ्यावर उतरली, पंख फाकून ओरडली — तोच हा फोटो. अर्धं मिनिटसुद्धा नाही. मग ती खाली गेली आणि आपल्या जुन्या जागेवर बसली. नुसत्या मातीवर. पोटाखाली चोच घालून चाचपत राहिली. मी उठलो होतो, अंडी परत न्यायला. खरंच उठलो होतो — पण तेवढ्यात मावशी येताना दिसली, आणि मी जागचा हललो नाही.

तिची नजर धुऱ्यावर गेली. चेहरा असा उजळला की काय सांगू. "सर, वर सरकली की हो ही. तुमी पायलं का अंडी नेताना?"

काय अवघड होतं? मी हलवली, एवढंच तर म्हणायचं होतं. रागावली असती, फार तर पुन्हा येऊ नका म्हणाली असती. मी म्हणालो — हो मावशी, पाहिलं. चोचीत धरून एकेक नेलं. तिनं विचारलंही नव्हतं ते वरून जोडलं, की मोठं अंडं आधी नेलं. लाज कशी वाटली नाही? नाही वाटली. सुटलो, असंच वाटलं.

दोन दिवसांत कावळ्यांनी अंडी फोडली. तोवर मावशीनं गावभर सांगून टाकलं होतं, यंदा पाऊस धो धो. खालचं वावर पाण्याखाली जाणार म्हणून ते तिनं पेरलंच नाही. सगळं सोयाबीन वरच्या मुरमाड पट्ट्यात टाकलं. पावसानं ओढ दिली. वरचं होरपळलं. शेजाऱ्यांच्या सखल वावरांत पीक उभं, आणि तिच्या खालच्या वावरात नुसतं तण. टिटवीनं आधी खरं सांगितलं होतं, असं मी म्हणत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, असलं काही मानत नाही. मग त्या फोटोकडे मी पाठ करून का बसतो?

दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिच्या ओसरीवर गावातली चार माणसं बसली होती. टिटवी कधी अंडी उचलती का, म्हणून तिची टिंगल चालली होती. मावशी म्हणाली, "मी काय थापा मारायलेय का? सरांनी डोळ्यानं पायलंय. विचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली.

हसणं थांबलं. सरांनीच पाहिलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार? मावशीला मात्र तेवढ्यानं बरं वाटलं नाही. टिटवीचं चुकलं न्हाई, म्हणाली, मलाच वाचाया आलं न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं जण पेरणीचं विचारायला आले. "मला त्यातलं काय कळत न्हाई," म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं. मी तिथंच बसलो होतो, तिनं केलेला चहा पीत.